डाव्या कोपऱ्यातली जागा

काका बोलता बोलता मध्येच हात वर करायचे, हनुवटी आभाळाकडे न्यायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "कोण आलंय?"

हे कुठेही व्हायचं. कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये, देसी ग्रोसरीच्या दारात, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला भेळेची प्लेट हातात असताना. नवख्या माणसाला वाटायचं पाहुणे आले, तो बिचारा रस्त्याकडे बघायचा. मग फार उंचावर बदकांची एक ओळ दिसायची आणि काका डोळे न उघडताच म्हणायचे, "मॅलार्ड आहेत. घाईत आहेत."

तुम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये राहिला असाल तर साठी उलटलेले काका तुमच्याही ओळखीचे असतील. कुणी गोल्फ खेळतं, कुणी ब्रिज, कुणी नाटक बसवतं. बदकांच्या शिकारीला जाणारे हे एकटेच. त्यामुळे मंडळात त्यांच्याविषयी दोन मतं होती. एक, माणूस विक्षिप्त आहे. दुसरं, माणूस फारच विक्षिप्त आहे. आता ते कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला लेकीकडे असतात आणि मंडळात त्यांचा विषय निघाला की लोक हसून घेतात. मी हसत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमची कंपनी गाड्यांच्या सीट बनवते. काका टेस्टिंग लॅबचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. माझं काम शिवण तपासण्याचं. हजार सीटमध्ये एक टाका चुकला असेल तर तो मला दिसायचा, त्याचं मला काही कौतुक नव्हतं, पण काकांना होतं. "घारीची नजर आहे पोरीची," असं ते येईल त्या जाईल त्या मॅनेजरला सांगायचे. मॅनेजरला घार म्हणजे काय ते माहीत नसायचं. काका त्यालाही समजावून सांगत बसायचे.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या गावाला मोठं तळं होतं आणि थंडीत त्यावर बाहेरची बदकं यायची. लहानपणी तळ्याच्या काठावर बसून त्यांनी बदकांचे आवाज काढायला शिकून घेतलं. नुसत्या घशातून, हाताची ओंजळ तोंडाशी धरून. या एका विद्येचा पुढच्या आयुष्यात काही उपयोग होईल असं त्यांच्या वडिलांना अजिबात वाटलं नव्हतं. पण इथे नवे नवे आले असताना एकदा टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो आवाज काढून दाखवला, आणि डेल नावाचा एक आडदांड टूलमेकर सँडविच खाली ठेवून उठला. म्हणाला, "शनिवारी मोकळा आहेस का?"

तेव्हापासून दर पानगळीला काका डेल आणि त्याचा मेहुणा रॉन यांच्याबरोबर सगिनॉ बेच्या दलदलीत जायचे. डेलची बोट, रॉनची कुत्री आणि काकांचा गळा. डेल त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचा.

सीझन संपला की काका गॅरेजमध्ये स्टोव्ह मांडून बदकाचा सावजी रस्सा करायचे. गॅरेजमध्ये, कारण काकूंचा हुकूमच होता: "मी खाईन, पण पिसं माझ्या घरात दिसता कामा नयेत." डेल घामाघूम व्हायचा, नाक पुसायचा, "हे बेकायदेशीर असायला हवं" म्हणायचा आणि परत वाटी पुढे करायचा.

काका रिटायर झाल्यावर एकदा त्यांचा फोन आला. "शनिवारी काय करतेस? बदकांना चल."

"काका, मी नागपूरची आहे. मला बदक खायला बोलवा, मारायला कशाला बोलावता?"

"मारायचं नाहीये तुला. पहिल्या वर्षी बंदूक मिळत नाही. पहिल्या वर्षी नुसतं बघायचं. आणि गाडी तू घे, माझा गुडघा दुखतोय."

माझा नवरा म्हणाला, "तू? तू तर रविवारी दहाला उठतेस." मग तर मला जाणं भागच पडलं.

पहिल्या दिवसाचं काय सांगू! वेडर्स म्हणून छातीपर्यंत येणारी एक रबरी पँट असते. ती चढवली की बाईमाणूस पाण्याच्या टाकीसारखं दिसतं. उजाडायच्या आत बोटीतून जायचं, गारठ्याने दात वाजतायत, चिखलात पाय रुतला की बूट एकीकडे आणि आपण एकीकडे. पाणकणसाच्या दाट गर्दीत त्यांनी लाकडी बाकाभोवती गवत बांधून एक आडोसा केलेला होता. त्याला ते ब्लाइंड म्हणतात. समोर पाण्यावर प्लास्टिकची बदकं तरंगत सोडायची, म्हणजे वरून जाणाऱ्या खऱ्यांना वाटतं खाली मंडळी जमली आहे. मग आपण गवतात चूप बसायचं. आणि त्या रबरी पँटमध्ये निसर्गाची हाक आली तर बाईने काय करायचं, याचं उत्तर तिघा अनुभवी शिकाऱ्यांपैकी एकाकडेही नव्हतं. डेलने खूप विचार करून सांगितलं, "चहा कमी पी."

बाकावर प्रत्येकाची जागा ठरलेली. डेल उजवीकडे, रॉन मध्ये, त्याची काळी कुत्री पेनी त्याच्या पायाशी, आणि डावा कोपरा काकांचा. मला त्यांच्या शेजारी कोंबलं. प्रत्येकाने आपल्या समोरचाच आभाळाचा तुकडा बघायचा, दुसऱ्याच्या तुकड्यात बंदूक न्यायची नाही. आणि पक्षी जवळपास असले की बोलायचं नाही, सगळं हाताने. डेलने हात खाली दाबला की हलू नका. डेलने उघडा पंजा वर केला की तो पाण्यात उतरतोय, सगळ्यांनी बंदुका मधून उघडून, म्हणजे बार उडू शकत नाही अशा, बाकावर ठेवायच्या. हे पंजाचं त्याने मला बोटीतच तीनदा सांगितलं. "बाकी सगळं विसरलीस तरी चालेल," तो म्हणाला, "हे नाही."

मग आभाळ पांढरं झालं आणि काकांनी ओंजळ तोंडाशी धरली. देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. साठी उलटलेला, कानटोपी घातलेला माणूस, आणि त्याच्या घशातून भंडाऱ्याचं तळं बोलत होतं. दूरवर जाणारी चार बदकं वळली. पंख आखडून, पाय पुढे काढून खाली यायला लागली.

"कोण आहे?" काका पुटपुटले. "नर की मादी? रंग सांग."

माद्या किती मारायच्या यावर कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे बघितल्याशिवाय बार टाकायचा नाही, हे त्यांनी मला गाडीत शिकवलं होतं. मी सांगितलं, "पुढचे दोन हिरव्या डोक्याचे. मागच्या दोन तपकिरी."

"डावीकडचा?"

"हिरवा."

काका उठले, बार झाला आणि डावीकडचा पडला. पेनीने तो आणून दिला. डेलने माझ्या हातात ठेवला. ऊन होता. मान माझ्या मनगटावरून खाली लोंबत होती आणि डोक्याचा हिरवा रंग हलवला की निळा व्हायचा. मला काय वाटलं ते खरं सांगते. वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, कारण रंग मी सांगितला होता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही बरं वाटलं नाही.

पुढचे शनिवार असेच गेले. "कोण आहे? रंग सांग." मी सांगायची. मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे आणि मी पहिल्या नंबराने पास होते आहे. मी नवऱ्याला फोटो दाखवायची, ही मादी ओळख, ती मादी ओळख. तो वैतागला होता.

मग एका सकाळी पक्षीच नव्हते. कंटाळा आला होता. डोक्यावरून एक सीगल आला, पांढराफटक, शेंबड्या पोरालाही ओळखू येईल असा. काकांनी विचारलं, "कोण आहे?" मी गंमत म्हणून गंभीरपणे सांगितलं, "नर. हिरवं डोकं."

काका उठले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

मी त्यांची बाही ओढली. रॉन खो खो हसला. त्याला वाटलं प्रोफेसर नाटक करतायत. काकाही हसले. पण खाली बसल्यावर त्यांनी हळूच मला विचारलं, "खरंच कोण होतं गं?"

परतताना मी गाडी गॅस स्टेशनवर थांबवली आणि म्हटलं, "काका, गुडघा दुखत नाहीये तुमचा."

ते डॅशबोर्डकडे वळले. "मधलं गेलंय," ते म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचं आहे काहीतरी, वयाचं. इंजेक्शनं घेतो. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर खिडकी दिसते, सीटबेल्ट दिसतो. तू दिसत नाहीस."

"आणि बंदूक उचलता?" मी ओरडलेच. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हललेलं कळतं गं मला. पक्षी कुठे आहे ते कळतं. कोण आहे तेवढं कळत नाही. तेवढं तू सांगतेस."

म्हणजे परीक्षा वगैरे काही नव्हती. माझी घारीची नजर त्यांनी उसनी घेतली होती, मला न विचारता. मला रागही आला आणि त्यांची कीवही आली.

"डेलला सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं तर माझी जागा जाईल."

"जाऊ दे ना काका! एक लाकडी बाक आहे तो. ओला असतो."

ते शांतपणे म्हणाले, "या देशात मी सगळीकडे अर्ज करून गेलो. कॉलेजला अर्ज, कंपनीला अर्ज, ग्रीन कार्डला अर्ज. मंडळात सुद्धा फॉर्म भरूनच. आपण होऊन बोलावलं ते फक्त डेलने. तेवढी एक जागा आहे. दिवाळीपर्यंत थांब. एवढा अर्धा सीझन होऊ दे, मी स्वतः सांगेन."

तुम्ही म्हणाल, तू तरी सांगायचंस. म्हणा. मी घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "गाडीची किल्ली मी लपवली आहे. बंदूक लपवायला गेले तर दोन दिवस जेवले नाहीत. तू नाही नेलंस तर उबर करून जातील गं ते."

"बंदूक घेऊन उबर?"

"जातील," काकू म्हणाल्या. "तुला अजून ओळखता येत नाहीत ते." आणि लाटणं ठेवून त्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

मग मी अट घातली. काकांच्या खांद्यावर माझा हात राहील. मी थोपटलं तरच उठायचं. नाही थोपटलं तर आभाळ कोसळलं तरी बसून राहायचं. काकांनी गळ्याची शपथ घेतली. आणि खरं सांगते, ते जमलं. मी थोपटायची, ते उठायचे, कधी लागायचं, कधी हुकायचं. हुकायचंच जास्त. पण माझी झोप उडाली होती. शुक्रवार आला की मनात सारखं चालायचं, आज काही होऊ नये, आज एवढं पार पडू दे.

दिवाळी झाली. काकांनी सांगितलं नाही. "थँक्सगिव्हिंगनंतर," म्हणाले.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी धुकं होतं. प्लास्टिकची बदकंसुद्धा पुढची तेवढी दिसत होती. रॉन सकाळपासून काकांची चेष्टा करत होता. "प्रोफेसर, बदकांनी तुला देव मानलंय, सगळ्यांना सोडून देतोयस." काका हसत होते, पण दर वेळी जरा कमी. तासभर काही आलं नाही. काका हळूच मला म्हणाले, "चहा दे गं. बोटं गोठली."

मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला आणि पायाशी ठेवलेल्या थर्मासवर वाकले.

तेवढ्यात डेलला दिसलं की समोरचं एक प्लास्टिकचं बदक उलटं झालंय. असं उलटं बदक दिसलं की खरी बिचकतात. डेलने उघडा पंजा वर केला. रॉनने बघितला, बंदूक उघडून बाकावर ठेवली. डेल बाजूने आवाज न करता पाण्यात उतरला. तीस वर्षं तो असाच पंजा करत होता आणि तीस वर्षं सगळे बंदुका ठेवत होते. त्याने मागे वळून बघितलं नाही. का बघावं?

बार उडाला नाही. हे आधीच सांगून टाकते, तुम्हाला उगीच टांगून ठेवत नाही.

मी कप भरत होते. समोर पाणी चुबुकलं, पक्षी उतरल्यावर चुबुकतं तसं. बाक हलला. मी मान वर केली तर काका उभे होते, बंदूक खांद्याला, आणि तिच्या टोकापुढे धुक्यात प्लास्टिकच्या बदकांमध्ये एक तपकिरी टोपी आणि एक कोपर.

"काका, माणूस आहे!"

मी केवढ्याने ओरडले मला माहीत नाही. रॉन सांगतो की पेनी पाण्यात पडली. काकांची बंदूक सरळ आभाळाकडे गेली. चहा माझ्या हातावर सांडला होता आणि मला तो भाजत नव्हता.

डेल पाण्यात कमरेपर्यंत उभा होता, हातात ते प्लास्टिकचं बदक. त्याने बघितलं होतं. सगळं बघितलं होतं. तो सावकाश चालत आला, बाकावर हात टेकले आणि काकांना विचारलं, "ती काय ओरडली?"

काकांनी बंदूक उघडली, काडतुसं काढून बाकावर ठेवली. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सांग त्याला. मला दिसत नाही म्हणून सांग."

"तुम्ही सांगा, काका."

"माझ्याने नाही होत. तू सांग."

लक्षात घ्या, या माणसाचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. डेट्रॉइटच्या मोठमोठ्या साहेबांपुढे उभं राहून आयुष्यभर बोललेला माणूस. आणि आता ते त्या बाकावर मराठी सोडायला तयार नव्हते, आणि मी, त्यांची दुभाषी, तोंडाला येईल ते इंग्रजी बोलत होते. "ही कान्ट सी. द मिडल पार्ट. ही कान्ट सी द मिडल."

"कधीपासून?" डेलने काकांनाच विचारलं.

"दोन हिवाळे," काका मला म्हणाले.

"टू विंटर्स," मी म्हणाले.

डेल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने हातातलं बदक बाकावर ठेवलं. "दोन हिवाळे," तो म्हणाला, "मी या बंदुकीपुढून चालतोय." रॉनने पेनीला ओढून पोटाशी धरलं होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

मग डेल माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं."

"हो."

तो पाण्याकडे वळला. "बदकं गोळा करा," एवढंच म्हणाला.

सगळ्यांनी पाण्यातली प्लास्टिकची बदकं गोळा केली. काका बाकावर बसून त्यांच्या दोऱ्या गुंडाळत होते. ते काम त्यांना डोळे मिटूनही यायचं. एकेक दोरी सरळ, एकेक गाठ पक्की. डेल पिशवी घेऊन आला आणि गुंडाळलेली बदकं त्यांच्या मांडीवरून उचलून पिशवीत टाकली. शिकारीनंतर हे तिघे नेहमी रस्त्यावरच्या एका डायनरमध्ये अंडी खायला थांबायचे. त्या दिवशी डेलचा ट्रक थांबला नाही.

डेलचा मला राग आला होता का? आला होता. पण मग मी स्वतःला त्या पाण्यात उभं करून बघायची, पाठीमागे बंदूक, आणि राग टिकायचा नाही.

गाडीत काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. फ्लिंटच्या पुढे आल्यावर म्हणाले, "हात भाजला ना गं तुझा? घरी गेल्यावर तूप लाव." मला एवढं रडू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये रस्सा झाला नाही. डेलचा फोन आला नाही आणि काकांनीही केला नाही. बंदूक त्यांनी आपणहून विकून टाकली. काकू सगळ्यांना सांगायच्या, "सुटले बाई मी." पण त्यांनीच एकदा मला हळू आवाजात विचारलं, "त्या डेलला जेवायला बोलावलं तर येईल का गं?" मी बोलावून बघितलं. त्याने फोनवर नीट ऐकून घेतलं, म्हणाला बघतो, आणि आला नाही.

पुढच्या पानगळीला रॉनचा फोन आला तो मला. बोटीत जागा आहे, म्हणाला. डेलने विचारायला सांगितलंय. "तू ओरडलीस हे तो विसरलेला नाही," रॉन म्हणाला.

काकांना वगळून मला? मी उखडले. नाही म्हणून सांगणार होते. पण आधी काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, "जा. बंदुकीच्या सेफ्टीचा कोर्स कर, लायसन्स काढ आणि जा."

"तुमच्याशिवाय? मला नाही जायचं."

"अगं जा. यंदा पाणी किती आहे, गवत कुठवर वाढलंय, मला कोण सांगणार? ते दोघं तर सांगणार नाहीत."

म्हणून गेले. तोच बाक, तेच गवत. डाव्या कोपऱ्यात त्यांनी जेवणाची पिशवी आणि पेनीचा टॉवेल ठेवला होता. मला रॉनच्या पलीकडे बसवलं. बदकांचा आवाज काढायला डेलने दुकानातून आणलेली शिट्टी होती. ती वाजत होती बरी, पण पक्षी उंचावरूनच निघून जात होते. एकदा दोन वळले. डेल म्हणाला, "तुझा," आणि मी रॉनच्या उसन्या बंदुकीने बार टाकला. पहिला पक्षी. डेलने पाठ थोपटली, रॉनने फोटो काढला. दोघांनी हवामानाविषयी बोलून घेतलं, ट्रकच्या टायरविषयी बोलून घेतलं. सकाळभर मी वाट बघत होते की कुणी तरी एकदा त्यांचं नाव काढेल. वाट बघून बघून मला वाटलं मीच काढावं, आणि माझ्याही तोंडून ते निघेना.

परत येताना मी तो पक्षी घेऊन सरळ काकांच्या गॅरेजवर गेले. ते स्टुलावर बसले, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पक्षी हातात घेतला. अंगठ्याने शेपटीचं टोक चाचपलं. "यंदाचंच पिल्लू आहे," म्हणाले. "शेपटीच्या टोकाला खाच आहे बघ. पहिलाच हिवाळा होता याचा. नीट लागलाय, त्रास नाही झाला त्याला." मग पिसं उपटायला लागले. पाणी किती होतं ते विचारलं. गवत विचारलं. पेनी कशी आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

मग ते हात न थांबवता म्हणाले, "माझं काही विचारलं का गं कुणी?"

मी खोटं बोलत नाही असा माझा लौकिक आहे. ऑफिसात त्यावरून भांडणं झालेली आहेत.

"विचारलं ना," मी म्हणाले. "डेलनेच विचारलं. बोटीत बसल्या बसल्या. म्हणाला, प्रोफेसर कसे आहेत? म्हणाला, त्यांच्याशिवाय पक्षी वळत नाहीत, मजा नाही येत. तो कोपरा रिकामा बघवत नाही, असं म्हणाला."

काकांचे हात थांबले. ते माझ्या दिशेने, माझ्या जरा बाजूला बघून हसले.

"डेल एवढं बोलत नाही गं," ते म्हणाले.

त्यांनी मांडीवरची पिसं गोळा करून कागदाच्या एका कोपऱ्यात सारली, पक्षी उलटा केला आणि पाठीची पिसं काढायला घेतली.

"पण सांग," ते म्हणाले. "परत एकदा सांग, काय म्हणाला ते."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.